न दिसणाऱ्या रस्त्याची डागडुजी

मिरग कोरडा गेला तरी तरणा पाऊस बेळगावला सोडत नाही. जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात आंबोली-जांबोटीच्या अंगाने ढग येतात, ते जमिनीला टेकूनच येतात. अशा दिवशी सांबऱ्याच्या विमानतळावर विमानाचा आवाज ऐकू येतो, विमान दिसत नाही. एक घिरटी होते, दुसरी होते, मग आवाज विरत जातो. थोड्या वेळाने कळतं की विमान हुबळीला गेलं, किंवा गोव्याला, किंवा आलं तसं बेंगळूरला परतलं. न्यायला आलेली मंडळी टॅक्सीवाल्यांशी घासाघीस करत बसतात आणि दुसऱ्या दिवशी निवेदन तयार होतं: विमानतळावर अत्याधुनिक यंत्रणा बसवा.

मागणी रास्त आहे, पण अर्धी आहे. यंत्रणा म्हणजे आयएलएस, इन्स्ट्रुमेंट लँडिंग सिस्टीम. ढगातून येणाऱ्या विमानासाठी जमिनीवरून हवेत आखलेला हा एक रस्ता आहे. चोर्ल्याचा घाट खचला की आपण कंत्राटदाराचं नाव विचारतो, डांबर किती इंच टाकलं ते विचारतो. हवेतल्या या रस्त्याचं उद्घाटन झालं की मात्र त्याच्या देखभालीबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही. त्यात पडलेला खड्डा ना प्रवाशाला दिसतो ना पालकमंत्र्याला. बेळगाव, हुबळी, कोल्हापूर, मोपा या टापूत हवाई प्रवास वाढत चाललाय, तेव्हा मागणीचा रोख आता यंत्र बसवण्यापेक्षा त्याचा सिग्नल वर्षाचे बारा महिने भरवशाचा ठेवण्याकडे वळायला हवा. खोटा सिग्नल हा नसलेल्या सिग्नलपेक्षा वाईट. असं का, हे समजायला यंत्राच्या पोटात थोडं शिरावं लागेल.

आयएलएसचे मुख्य भाग दोन. लोकलायझर डावं-उजवं सांगतो. विमान उतरून ज्या टोकाकडे धावत जातं, त्या टोकापलीकडे साधारण 300 मीटरवर त्याचे अँटेना आडव्या ओळीत उभे असतात; ते 108.10 ते 111.95 मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात बोलतात. दुसरा ग्लाइड पाथ, तो वर-खाली सांगतो. त्याचा खांब विमान जिथे टेकतं त्या भागाच्या बाजूला असतो, धावपट्टीच्या सुरुवातीपासून सुमारे 300 मीटर आत आणि मध्यरेषेपासून 120 ते 150 मीटर दूर. त्याची वारंवारता 329 ते 335 मेगाहर्ट्झच्या दरम्यान. दोघांची बोली मात्र एकच. दोघेही दोन सूर सोडतात, एक 90 हर्ट्झचा, एक 150 हर्ट्झचा. विमान मध्यरेषेच्या डावीकडे सरकलं की 90 चा सूर वरचढ होतो, उजवीकडे गेलं की 150 चा. तसंच उतारापेक्षा वर राहिलं तर 90, खाली गेलं तर 150. दोन्ही सूर तोलात आले की कॉकपिटमधली सुई मधोमध. विमानातल्या रिसीव्हरला धावपट्टी ठाऊक नसते, डोंगर ठाऊक नसतो. त्याला फक्त या दोन सुरांमधली वजाबाकी कळते, आणि सगळी भानगड या वजाबाकीतच आहे.

29 जुलै 2000 च्या रात्री एअर न्यूझीलंडचं एक बोइंग 767 सामोआ बेटांवरच्या आपिया इथल्या फालेओलो विमानतळावर उतरत होतं. ग्लाइड पाथची सुई मधोमध होती, बिघाड दाखवणारा झेंडा वर आला नव्हता, मोर्समधली ओळखखूण स्पष्ट ऐकू येत होती. विमान धावपट्टीपासून साडेपाच सागरी मैल अलीकडेच 400 फुटांच्याही खाली आलं. दिवे आणि अंतर यांचा मेळ बसत नाही हे ध्यानात आल्यावर वैमानिकांनी विमान वर उचललं, म्हणून बचावले. घडलं होतं ते असं: दुरुस्तीच्या कामात ट्रान्समीटर ‘बायपास’मध्ये राहून गेला होता, म्हणजे मॉनिटरला तो बंद करण्याचा अधिकारच उरला नव्हता. त्यात उतार ठरवणारा साइडबँडचा भाग प्रसारित होईना. उरली नुसती वाहक लहर, तिच्यात दोन्ही सूर समान. दोन समान सुरांची वजाबाकी शून्य, आणि शून्य म्हणजे ‘तुम्ही बरोबर उतारावर आहात’. विमान कुठेही असो, कितीही खाली असो, उत्तर तेच. टॉवरला याचा पत्ता नव्हता, कारण यंत्राची स्थिती टॉवरपर्यंत नेणारी केबल आधीच्या खोदकामात तुटली होती.

जेसीबीने केबल तोडणं ही गोष्ट सीमाभागाला नवी नाही. पाण्याची पाइपलाइन, गटार, फायबर, रस्ता रुंदीकरण, काही ना काही चालूच असतं आणि एकाचं काम दुसऱ्याची केबल खातं. नळाला पाणी आलं नाही की गल्ली जागी होते. टॉवरच्या टेबलावरचा एक हिरवा दिवा खोटा ठरला तर गल्लीला कसं कळणार?

खरं तर हा सिग्नल स्वतःवर पहारा ठेवूनच बांधलेला असतो. प्रत्येक भागाला दोन ट्रान्समीटर, एक चालू, एक राखीव. समोर मॉनिटर, तो क्षणोक्षणी त्या वजाबाकीची तपासणी करतो. पहिल्या श्रेणीच्या आयएलएसमध्ये मध्यरेषा धावपट्टीच्या उंबरठ्याशी 10.5 मीटरपेक्षा जास्त सरकली, तर चुकीचा सिग्नल दहा सेकंदांपेक्षा जास्त काळ हवेत राहता कामा नये. ग्लाइड पाथला सहाच सेकंद मिळतात. तीन अंशांचा उतार 2.775 च्या खाली किंवा 3.3 च्या वर गेला की आधी राखीव ट्रान्समीटर चालू होतो, तोही बिघडलेला निघाला तर सगळंच बंद. थोडक्यात, आयएलएस आपणहून बंद पडणं हे त्याच्या इमानाचं लक्षण आहे. ‘ऐन पावसात यंत्रणा दगावली’ असा मथळा छापणाऱ्यांनी हे लक्षात घ्यायला हवं. काळजी करावी अशी स्थिती वेगळीच असते. बंद व्हायला हवं तेव्हा यंत्र बंद झालं नाही, किंवा वारंवार बंद होतंय म्हणून कुणीतरी मॉनिटरलाच गप्प बसवलं, तर घाबरायला हवं.

ते वारंवार बंद का पडतं, याचं उत्तर आपल्या मातीत आहे, आणि हे मी अलंकारिक अर्थाने म्हणत नाही. नेहमीचा ग्लाइड पाथ आपला उतार एकट्या अँटेनातून तयार करत नाही. अँटेनातून थेट गेलेली लहर आणि समोरच्या जमिनीवर आपटून वर गेलेली लहर, या दोघींच्या मिसळीतून तो तयार होतो. अँटेनासमोरची काही शे मीटर जमीन हा यंत्राचाच भाग, जणू त्याचा आरसा. वरचा अँटेना साधारण 8.6 मीटरवर आणि खालचा 4.3 मीटरवर असतो, तो हिशेब सपाट, कोरड्या, एकसारख्या जमिनीला धरून केलेला. आता जून-जुलैचं बेळगाव डोळ्यांसमोर आणा. पंधरा दिवसांत गवत कमरेला लागतं. सखल भागात पाणी साचतं. समजा पाण्यामुळे आरसा 15 सेंटिमीटर वर आला, तर 8.6 मीटरची उंची 8.45 झाली आणि तीन अंशांचा उतार जवळजवळ 3.05 झाला. अंशाचा विसावा भाग! चार सागरी मैलांवर तो वीस-एकवीस फूट भरतो. एवढ्याने अलार्म वाजत नाही, पण सवलतीचा काही भाग खर्च झालेला असतो. उरलेला भाग कनेक्टरमध्ये शिरलेली ओल खाते. अँटेनाकडे जाणाऱ्या केबलच्या सांध्यात पाणी गेलं की लहरींचा मेळ काही अंशांनी बिघडतो आणि मॉनिटरचा आकडा दिवसभर काठावर हेलकावत राहतो. मग एका सरीत तो काठ ओलांडतो. वरून पाहणाऱ्याला वाटतं, पावसाने यंत्र बंद पाडलं. यंत्र बंद पडतं ते मे महिन्यात न काढलेल्या गवतामुळे, न उपसलेल्या चरामुळे आणि वीस रुपयांच्या न बदललेल्या रबरी सीलमुळे.

लोकलायझरचं दुखणं निराळं. त्याला गवतापेक्षा लोखंड नडतं. समोर उभं असलेलं मोठं विमान, क्रेन, पत्र्याची शेड, लोखंडी गजांनी भरलेला ट्रॅक्टर, कशावरूनही लहर परावर्तित होते आणि मध्यरेषा काही क्षण वाकडी होते. 3 नोव्हेंबर 2011 रोजी म्युनिकला सिंगापूर एअरलाइन्सचं बोइंग 777 ऑटोलँडवर, म्हणजे आपोआप, उतरत असताना पुढून उड्डाण केलेलं एक छोटं विमान लोकलायझरच्या अँटेनावरून गेलं. तेवढ्या वेळात वाकलेल्या सिग्नलमागे मोठं विमान गेलं आणि धावपट्टी सोडून गवतात उतरलं. कुणाला इजा झाली नाही. त्या वेळी हवामान बरं होतं, म्हणून लोकलायझरसमोरचा संवेदनशील भाग मोकळा ठेवण्याची सक्ती नव्हती. संवेदनशील भागाला ढगाळ दिवसाइतकंच उघडिपीच्या दिवशीही जपायला हवं, निदान कुणी ऑटोपायलट लावून उतरतंय तेव्हा तरी.

सांबऱ्याची धावपट्टी 2,300 मीटरची, पूर्व-पश्चिम. पावसाळ्यात वारा पश्चिमेचा, म्हणून विमान बहुधा पूर्वेकडून, मारिहाळ-सुळेभावीच्या बाजूने, पश्चिमेकडे तोंड करून उतरतं. अशा उतरण्यासाठी लोकलायझर शहराकडच्या टोकाला आणि ग्लाइड पाथचा आरसा शिवाराकडच्या टोकाला, हे ओघानेच आलं. एका अंगाला वाढतं शहर, दुसऱ्या अंगाला भात, रताळी, भाजीपाला आणि ऊस. दोन्हीकडे माणसं राबतात आणि दोन्हीकडे यंत्राला नको असलेल्या गोष्टी वाढतात.

इथे शेतकऱ्याच्या नावाने बोटं मोडणं सोपं आहे, आणि ते चूक आहे. आरशाचा भाग विमानतळाच्या कुंपणाबाहेर जात असेल तर तो शेतकऱ्याच्या जमिनीत जातो. आपल्या शेतात दहा-बारा फुटांचा ऊस लावायचा की दीड फुटाचं रताळं, हे एका अदृश्य लहरीने ठरवावं, आणि तेही मोबदल्याशिवाय, ही कुठली रीत? विस्ताराच्या वेळी इथल्या गावांनी जमिनी दिल्या आहेत. त्यांच्याकडून आणखी फुकटची शिस्त मागता येणार नाही. यंत्राला लागणारी जमीन मालकीत घ्या, नाहीतर पिकाच्या बंधनाचं वार्षिक भाडं ठरवा, आणि हा खर्च यंत्राच्या किमतीत धरा. अँटेना आणून उभा करणं हे कामाचं छोटं टोक. त्याच्यासमोरची जमीन सपाट करणं, चर काढणं, ती तशीच राखणं, यात खरा पैसा जातो, आणि अंदाजपत्रकातून पहिल्यांदा तोच कापला जातो. शहराच्या बाजूला उंचीचे रंगीत नकाशे आहेत, ना-हरकत प्रमाणपत्राची ऑनलाइन व्यवस्था आहे. पण ती मुख्यतः इमारतीची उंची पाहते. बांधकामावर तीन महिने उभी राहणारी टॉवर क्रेन, मंगल कार्यालयाचा पत्र्याचा मांडव, रस्त्याकडेला आडवा लावलेला कंटेनर यांच्याकडे बघायला कुणाला वेळ असतो? ग्रामपंचायतीच्या बांधकाम परवान्यावर एक ओळ वाढवली तरी पुष्कळ काम होईल.

‘कशाला हवी ही जुनी झंझट? आता सगळं उपग्रहावर!’ असं म्हणणारेही आहेत, आणि त्यांचं म्हणणं पोकळ नाही. भारताची गगन प्रणाली जीएसएटी मालिकेतल्या उपग्रहांतून जीपीएसच्या चुका दुरुस्त करून विमानाला देते. अशा उतरण्यासाठी तिला 2015 मध्ये प्रमाणपत्र मिळालं, आणि एप्रिल 2022 मध्ये इंडिगोच्या एटीआर विमानाने राजस्थानातल्या किशनगढला तिच्या आधारे उतरून दाखवलं. गगनला गवत नडत नाही, पाणी नडत नाही, लोकलायझरचा खांब लागत नाही. एटीआरसारखी छोटी विमानं जिथे येतात त्या विमानतळांसाठी ही फार मोलाची सोय आहे. बेळगाव-कोल्हापूरसारख्या ठिकाणी तिच्यावर आधारलेली पद्धत दोन्ही बाजूंनी आखलेली असायलाच हवी.

पण तिच्या एकटीवर भिस्त नको. उपग्रहाचा सिग्नल जमिनीवर पोचेपर्यंत इतका क्षीण होतो की खिशात मावणारं यंत्रही त्याला दाबू शकतं, आणि थोडं हुशार यंत्र त्याची नक्कल करून विमानाला भलत्याच जागी असल्याचं पटवून देऊ शकतं. नोव्हेंबर 2025 मध्ये दिल्लीजवळ उतरणाऱ्या काही विमानांना अशीच फसवणूक जाणवली, आणि सरकारने संसदेत ते मान्यही केलं. त्या वेळी ज्या विमानांना जमिनीवरच्या यंत्रांचा आधार होता त्यांचं अडलं नाही. जुन्या यंत्रांचं किमान एक जाळं राखून ठेवायचं धोरण आहे ते याचसाठी. दोन्ही रस्ते असायला हवेत, कारण दोघांची दुखणी वेगळी आहेत. पाणी साचल्याने जीपीएस बिघडत नाही, आणि दूर बसलेल्या खोडसाळाला लोकलायझर वाकवणं सोपं नाही. दोघांनी एकाच दिवशी खोटं बोलण्याचा संभव फार कमी, आणि एकाने खोटं बोललं तर दुसरा त्याला उघडं पाडतो.

तसा सगळ्या जुन्या यंत्रांचा कैवार घेण्याचंही कारण नाही. एनडीबी नावाचा रेडिओ दीपस्तंभ वळवाच्या दिवसांत चांगलाच लबाड होतो. मध्यम लहरींवर चालणारा हा दीपस्तंभ. जवळ वीज कडाडली की विमानातली त्याची सुई दीपस्तंभ सोडून ढगाकडे वळते. ज्या ढगापासून लांब राहायचं, त्याच्याचकडे बोट! असली यंत्रं निवृत्त झाली तर रडू नये. व्हीओआर आणि डीएमई यांची गोष्ट निराळी. एक दिशा सांगतं, दुसरं अंतर. तीन अंशांचा उतार ती देत नाहीत, पण ग्लाइड पाथ खोटं बोलतोय का, हे अंतराच्या आकड्यावरून लगेच कळतं. आपियाला अखेर वैमानिकांना सावध केलं ते दिव्यांनी आणि अंतराच्या आकड्यानेच.

बेळगावचंच गणित मांडू. सांबऱ्याची उंची समुद्रसपाटीपासून अडीच हजार फुटांच्या जवळपास. तीन अंशांच्या उतारावर प्रत्येक सागरी मैलामागे सुमारे 318 फूट, आणि उंबरठ्यावरून जाताना पन्नासएक फूट. म्हणजे उंबरठ्यापासून चार सागरी मैलांवर अल्टिमीटरमध्ये, म्हणजे समुद्रसपाटीपासूनची उंची दाखवणाऱ्या यंत्रात, 3,800 च्या आसपासचा आकडा हवा. दोन मैलांवर 3,200 च्या थोडं खाली. सुई मधोमध आणि आकडा 3,000 दिसत असेल, तर विमान जमिनीपासून फक्त पाचशे फुटांवर आहे आणि सुई फसवते आहे. उलटंही होतं. ग्लाइड पाथच्या रचनेतच तीन अंशांच्या वर, नऊ अंशांच्या आसपास खोटे उतार असतात. 31 मे 2013 रोजी आइंडहोव्हनला एक बोइंग 737 जास्त उंचीवरून येताना अशाच खोट्या उतारात सापडलं. ऑटोपायलटने नाक एकदम वर उचललं, वेग कोसळला, स्टॉलचा, म्हणजे पंखांचा आधार सुटत असल्याचा, इशारा वाजला आणि वैमानिकांनी कसंबसं सावरलं. म्हणून खरा उतार नेहमी खालून गाठायचा, वरून नाही. यंत्रांचे हे गुण-अवगुण वैमानिकांना शिकवलेले असतात. अंतर आणि उंचीचा पडताळा हा प्रत्येक उतरण्याचा भाग असतो, आणि पडताळा चुकला की परत वर जायचं, हाही नियमच आहे.

त्याच नियमावर आपण खाली उभं राहून दगड मारतो. ‘काल दुसऱ्या कंपनीचं विमान उतरलं, यांचं का नाही?’ ‘हुबळीला उतरतं, मग इथे का नाही?’ प्रश्न विचारायला हरकत नाही, उत्तरही सरळ आहे. पहिल्या श्रेणीच्या आयएलएसवर धावपट्टी न दिसता जमिनीपासून 200 फुटांपर्यंत येता येतं, आणि धावपट्टीवरची दृश्यता 550 मीटर लागते. तोच ग्लाइड पाथ बंद असेल, किंवा फक्त व्हीओआरवर उतरायचं असेल, तर डोंगर आणि अडथळे पाहून ही किमान उंची बहुधा चारशे ते सातशे फुटांच्या पट्ट्यात जाते आणि दृश्यताही जास्त लागते. ढग 300 फुटांवर असेल तर एका विमानतळावर विमान उतरतं आणि तासाभराच्या अंतरावरच्या दुसऱ्या विमानतळावर उतरत नाही. दोन्ही वैमानिक तितकेच शहाणे आहेत. परत फिरणाऱ्या विमानाला नालायक ठरवणारी चर्चा बातमीदारांनी, लोकप्रतिनिधींनी आणि व्यापारी संघटनांनी थांबवावी. तिचा दाब कुठेतरी कॉकपिटपर्यंत पोचतोच.

याच जागी प्रवाशाची खरी तक्रार आहे, आणि ती तो करत नाही. लाउडस्पीकरवर सांगतात, ‘खराब हवामानामुळे’. ढग 300 फुटांवर आहे हे खरं. पण ग्लाइड पाथ आठ दिवसांपासून बंद नसता तर त्याच ढगातून विमान उतरलं असतं, हेही तितकंच खरं. हवामान आणि यंत्र यांचं पाप एकाच शब्दाखाली झाकलं जातं, त्यामुळे कुणी दुरुस्तीची घाई करत नाही. वैमानिकांना ही माहिती नोटॅम नावाच्या अधिकृत सूचनेतून मिळते: ग्लाइड पाथ यू/एस (म्हणजे अनसर्व्हिसेबल, बंद), अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत. आपल्याकडे कुठल्या फलकावर कुठली भाषा असावी यावर पिढ्या झगडल्या. नोटॅमची भाषा मात्र कानडीही नाही, मराठीही नाही आणि धड इंग्रजीही नाही. तीच माहिती विमानतळाच्या संकेतस्थळावर आणि प्रवेशद्वाराच्या फलकावर कन्नड, मराठी आणि इंग्रजीत यावी: कुठलं यंत्र बंद आहे, केव्हापासून, का, आणि केव्हा सुरू होईल. वर्षअखेरीला एक तक्ता, यंत्र किती तास बंद होतं, त्यातले नियोजित किती, अवचित किती, आणि किती विमानं परत फिरली. यात गुप्त ठेवण्यासारखं काही नाही. धावपट्टीच्या शेजारी हवाई दलाचं प्रशिक्षण केंद्र असलं तरी नागरी यंत्राच्या बंद तासांनी कुठलं गुपित फुटत नाही.

अशी माहिती जाहीर केल्याने लोक घाबरतील, असा आक्षेप येईल. 6 ऑगस्ट 1997 ला ग्वामला कोरियन एअरचं बोइंग 747 टेकडीवर आपटलं आणि 228 माणसं गेली. तिथला ग्लाइड पाथ बंद होता आणि तशी सूचनाही निघालेली होती. तरीही कॉकपिटमध्ये ‘ग्लाइड पाथ चालू आहे का?’ ही चर्चा शेवटपर्यंत चालली. त्यात भर म्हणजे अंतर सांगणारं यंत्र विमानतळावर नव्हतं, तीनएक मैल अलीकडे टेकडीवर होतं. बंद यंत्राचीही इतकी भूल पडते. जिथे वैमानिकांचीच अशी गल्लत होते, तिथे चालू आणि बंद याबद्दलची माहिती जितकी ठळक तितकी बरी. लोक यंत्राने घाबरत नाहीत, न सांगण्याने घाबरतात.

राहतं वेळापत्रक. आयएलएसची हवेतून तपासणी ठरावीक काळाने करावी लागते. आंतरराष्ट्रीय मार्गदर्शनात त्याची नेहमीची मुदत 180 दिवस आहे. त्यासाठी विमानतळ प्राधिकरणाच्या उड्डाण तपासणी पथकाचं विमान दिल्लीहून येतं, मध्यरेषेवर आणि उतारावर पुन्हा पुन्हा फेऱ्या मारतं आणि जमिनीवरचे तंत्रज्ञ आकडे जुळवत जातात. या कामाला उघडं आभाळ लागतं. तपासणीची मुदत जुलैत संपत असेल, तर तरण्या पावसात ते विमान येणार नाही, आलं तर फेऱ्या पुऱ्या होणार नाहीत, आणि पावसाळ्यात जेव्हा यंत्र सगळ्यात जास्त लागतं तेव्हाच त्याची मुदत टळलेली असेल. सहा महिन्यांचं चक्र बेळगावच्या ऋतूंत चपखल बसतं: एक तपासणी मेच्या पहिल्या पंधरवड्यात, दुसरी नोव्हेंबरात दिवाळीच्या आगेमागे. त्याआधी एप्रिलात सगळे कनेक्टर उघडून, पुसून, सील बदलून बंद करायचे. यूपीएसच्या बॅटऱ्या भाराखाली तपासायच्या, कारण वळवात वीज कंपनीची, हेस्कॉमची लाइन जातेच. वीज गेली की जनरेटर किती सेकंदांत भार घेतो, ते घड्याळ लावून पाहायचं. टॉवरमधला या यंत्रांची स्थिती दाखवणारा दिवा यंत्र मुद्दाम बंद करून खरोखर लाल होतो का, हेही पाहायचं. रोहिणी लागायच्या आत चर उपसायचे, आणि मिरगापासून दर पंधरवड्याला गवत कापायचं, त्याची तारीख आणि कापल्यानंतरची उंची वहीत लिहायची. बायपासची किल्ली एकाच्या हाती नको. दुरुस्तीनंतर ती काढली, हे दुसऱ्याने डोळ्यांनी पाहून सही करायची. गवताच्या कंत्राटाची निविदा मार्चमध्ये निघाली नाही, तर यातलं काहीच वेळेत होत नाही, आणि ती मार्चअखेरच्या बिलांच्या गडबडीत दरवर्षी मागे पडू शकते. पुढचं निवेदन घेऊन जाणाऱ्यांनी एवढं एकच विचारावं: गवताची निविदा निघाली का?